चार शटरांचा शेठ

आमच्या ओळीत सकाळचा पहिला आवाज शटरचा. एक नाही, चार. खर्र खर्र करत एकामागून एक चार शटरं वर जातात, आणि ती वर करणारा माणूस एकच, तेजरामभाऊ भांडेवाले. नवख्या माणसाला वाटावं, बाप रे, चार दुकानांचा शेठ! प्रत्यक्षात शेठचं दुकान एकच, कोपऱ्यावरचं, पितळी भांड्यांचं. पुढचे तीन गाळे रिकामे. त्यांत माल नाही, दुकानदार नाही, गिऱ्हाईक नाही. आहे तो एकेक बल्ब, भिंतीवर जुन्या भाडेकरूनं सोडून दिलेला एकेक देव, आणि तेजरामभाऊंनी लावलेली एकेक उदबत्ती.

माझं फॉल-पिकोचं दुकान बरोबर समोर. मशीनवरून मान वर केली की भाऊच दिसतात. त्यात माझा काय दोष? गोदावरी वहिनी, म्हणजे भाऊंच्या सौभाग्यवती, आठवड्यातून एकदा माझ्याकडे येऊन हिशेब घेतात, "काय केलं वो रिता यायनं या हप्त्यात?" मी सांगते. थोडं मीठ-मिरची लावते, पण सांगते खरं.

भाऊ मूळचे सानगडीचे. घरी धानाची शेती, पण रोवण्याच्या चिखलात पाय घातला की पोरगा रडायचा, म्हणून बापानं उचलून भंडाऱ्याला एका भांड्यांच्या दुकानात ठेवून दिला. तिथं ते पितळेवर नाव टाकायला शिकले. लग्नात पोरीला आंदण म्हणून पाणी भरायचा गुंड देतात, परातीसारखा कोपर देतात, त्यावर छिन्नी-हातोडीनं टिंबाटिंबानं तिचं नाव, गाव, तारीख टाकायची. भाऊंचं अक्षर असं की भांडं राहो बाजूला, नावच पाहत बसावं. वहिनींचे वडील मोठ्या पोरीच्या गुंडावर नाव टाकायला म्हणून दुकानात आले आणि अक्षर पाहून धाकटी देऊन गेले. भाव विचारला असता तर दिली नसती, असं मी म्हणते. वहिनी म्हणतात, "विचारला होता. म्हनून त हुंडा नाही देल्ला."

त्या दुकानाचे मूळ शेठ म्हातारे झाले, त्यांची पोरं बाहेरगावी नोकरीला गेली, दुकान भाऊंच्या हाती आलं. तेव्हा ही ओळ म्हणजे काय होती! ST तून उतरलेला माणूस पिशवी सावरत आधी इकडेच यायचा. भाऊंच्या शेजारी तुलारामचं रेडिमेड कपड्याचं दुकान, त्याच्या शेजारी स्टेशनरी, मग कॅसेटवाला, जो पुढं मोबाइलवाला झाला. दिवाळीत रस्ता ओलांडायचा तर मला पदर खोचावा लागायचा.

मग एकेक करून सगळं हललं. तुलाराम हायवेवरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये गेला, तिथं म्हणे काचेचा दरवाजा आणि गाड्या ठेवायला जागा. स्टेशनरीवाले पोराकडे पुण्याला गेले. मोबाइलवाल्याचं तर असं झालं, की लोक त्याच्या दुकानात मोबाइल हातात घेऊन बघायचे आणि तिथंच उभं राहून त्याच मोबाइलची ऑर्डर घरपोच द्यायचे. तोही गेला. जाताना प्रत्येकानं एकच केलं. "भाऊ, चाबी राहू द्या तुमच्यापाशी, घरमालक आला का द्या." घरमालक भुपेंद्र राहतो नागपूरला. तो यायचा नाही, चाव्या भाऊंच्या करगोट्याला लागल्या, आणि भाऊ चालले की घुंगरू वाजल्यासारखे वाजायला लागले.

चाव्या होत्या म्हणून शटरं उघडली, असं नाही. भाऊंचं त्यामागं शास्त्र आहे. "एक शटर खाली असलं त चालते वो रिताबाई. मानूस म्हनते, गेला असन गावाले. तीन खाली दिसले का मानूस म्हनते, हे ओळ मेली. मंग थो माह्या दुकानापर्यंत येतच नाही."

तर म्हणून रोज तीन रिकामे गाळे झाडायचे, सडा टाकायचा, बल्ब लावायचा. रात्री चारही शटरं ओढायची, तेही "बंद करतो" म्हणायचं नाही, "वाढवतो" म्हणायचं. बोहनीच्या आधी तर भाऊंच्या उंबरठ्यावर 'बंद', 'खाली', 'नाही' या शब्दांना प्रवेशच नाही. एखाद्यानं सकाळी सकाळी विचारलं, "भाऊ, तांब्याचा हंडा आहे का?" आणि नसला, तर भाऊ "नाही" म्हणत नाहीत. "येऊन राहिला," म्हणतात. काही हंडे गेली पाच वर्षं येऊनच राहिले आहेत.

पोळा झाला आणि भुपेंद्र आला. कार रस्त्यातच उभी केली, कारण आमच्याकडे काचेचा दरवाजाही नाही आणि गाड्या ठेवायला जागाही नाही. पोरगा वाईट नाही, तोंडानं गोड आहे. भाऊंसमोर स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, तीन गाळ्यांचं भाडं मला किती वर्षांपासून येत नाही, तुम्हाला माहीत आहे. आता एक पार्टी आली आहे. ऑनलाइनच्या पार्सलचं गोदाम करायचं म्हणतात. पण त्यांना पूर्ण ओळ पाहिजे. चारही गाळे."

भाऊंच्या हातातली छिन्नी तिथंच थांबली. "चारही? मंग मी कुठं जाऊ गा?"

"तुम्हाला हायवेवर बघून देतो ना."

"हायवेवर गुंड घ्यायले कोन येईन? ट्रकवाला?"

बराच वेळ ताणाताणी झाली. शेवटी ठरलं ते असं: दिवाळीच्या आत तीनपैकी दोन गाळ्यांना भाडेकरू लागले, तर गोदामवाल्यांना नाही म्हणायचं. नाही लागले, तर भाऊंनी दुकान रिकामं करून द्यायचं. भाऊंनी छातीवर हात ठेवला. "दिवाळी कायले? दसऱ्याच्या आत भरून दाखवतो."

आणि भाऊ कामाला लागले. म्हणजे काय केलं, ते ऐका. रिकाम्या गाळ्यांतले बल्ब काढून मोठे लावले. स्वतःच्या दुकानातल्या समया, घंगाळी, ताटं नेऊन तिन्ही गाळ्यांत मांडली. मोबाइलवाल्याच्या गाळ्याला झेंडूचं तोरण. संध्याकाळी ओळ अशी झगमगायची की माझ्या दुकानातला लाइट मला मिणमिणता वाटायला लागला.

मी म्हटलं, "भाऊ, हे सगळं ठीक आहे, पण 'गाळा भाड्याने देणे आहे' अशी एक पाटी लावा ना."

भाऊ असे बघायला लागले, जसं मी काहीतरी अभद्र बोलले. "लग्नाच्या पोरीच्या गळ्यात कोनी पाटी बांधते का वो? रौनक पाहून मानूस आपोआप विचारते."

विचारतं, हे खरं. एके दिवशी सकाळी एक पोरगी आली. अंगात साधा कुर्ता, पाठीला सॅक, चाल अशी की हिला कुठं जायचं ते माहीत आहे. ओळीतून एकदा इकडून तिकडे गेली, एकदा तिकडून इकडे आली. मग भाऊंच्या दुकानासमोर उभी राहून तिनं विचारलं, "काका, इथं एखादा गाळा खाली आहे का?"

आता वेळ कोणती? सकाळची. बोहनी झालेली? नाही. आणि पोरगी कोणता शब्द बोलली? तोच.

भाऊंनी गल्ल्यावर ठेवलेला हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "तसं कायले राहीन बाई? पाहा न, चारही चालू आहे. रौनक आहे बाजारात."

पोरीनं मान हलवली, "थँक्यू काका," म्हणाली आणि निघाली. मी मशीनचं चाक हातानं थांबवलं. मला ओरडावंसं वाटलं, पण तोंडात टाचण्या होत्या.

नशीब माझं, की तिच्या ओढणीची कड उसवलेली होती. ती सरळ माझ्याकडेच आली. पिको करता करता मी सगळं काढून घेतलं. नाव रश्मी. आंबागडची. बाप वनखात्यात वॉचर. चष्म्याच्या तपासणीचा कोर्स केला, नागपूरला एका चष्म्याच्या दुकानात नोकरी केली, आता स्वतःचं टाकायचं आहे. "हायवेवर गाळे भरपूर आहेत ताई, पण माझं गिऱ्हाईक म्हाताऱ्या लोकांचं. ते ST तून उतरतात, सरकारी दवाखान्यात जातात, कचेरीत जातात आणि पायी बाजारात येतात. त्यांना हायवेवर कोण नेईल? मला इथंच पाहिजे होतं. पण इथं सगळं भरलेलं आहे."

"भरलेलं!" मी म्हटलं. "तुझा नंबर दे मला."

त्या संध्याकाळी वहिनींचा हिशेब होता. मी मीठ-मिरची न लावता सांगितलं, कारण गरजच नव्हती. वहिनी ऐकत राहिल्या आणि मग पायरीवरच बसल्या. "अवो, म्हनजे गिऱ्हाईक दारात आलं होतं न यायनं हाकलून देल्लं?"

"हाकललं नाही. रौनक दाखवली."

"रौनक गेली चुलीत. दुकान गेलं त हा मानूस दिवसभर घरी बसन, न माह्या डोक्यावर मिऱ्या वाटन. भाजी कशी चिरावं ते मले शिकवन." एवढं बोलून त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग हळूच म्हणाल्या, "आन् हातात छिन्नी नसली त जगनार नाही वो हा मानूस. मले माहीत आहे."

मी मशीनच्या खणातून रश्मीचा नंबर काढून त्यांच्यासमोर धरला.

पुढच्याच आठवड्यात सानगडीला भाऊंच्या भाचीच्या पोराचं बारसं होतं. भाऊ बारशाला जातात ते पिशवीत पितळी वाटी, छिन्नी आणि हातोडी घेऊनच. पाळण्यात नाव ठेवलं, आत्यानं कानात कुर्र केलं, की भाऊ तिथंच पाट मांडून वाटीवर नाव टाकतात. म्हणजे भाऊ दिवसभर बाजाराबाहेर. सकाळच्या पहिल्या बसनं भाऊ गेले. जाताना चाव्या वहिनींकडे दिल्या आणि बजावून सांगितलं, "माह्यं शटर राहू दे, पन तिघांचे वर कर. उदबत्ती लावजो."

वहिनी आल्या. आम्ही दोघींनी तिन्ही गाळ्यांतली भांडी भाऊंच्या दुकानात हलवली, बल्ब बंद केले, तोरण काढलं आणि तिन्ही शटरं धाडकन खाली ओढली. मग माझा कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि प्रत्येक शटरवर हातभर अक्षरात लिहिलं, 'गाळा भाड्याने देणे आहे'. चौथं शटर भाऊंचं. ते नुसतंच बंद. मी रश्मीला फोन लावला, वहिनी घरी गेल्या.

आमच्या हिशेबात एक गोष्ट धरायची राहून गेली. भाऊंचं शटर आजवर कधी पूर्ण दिवस खाली राहिलंच नव्हतं. स्वतःच्या पोरीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते हळद लागलेल्या अंगानं येऊन तासभर दुकान उघडून गेले होते.

चहावाला नत्थू नेहमीप्रमाणे कट चहा घेऊन आला. त्यानं चार बंद शटरं पाहिली, खडूची अक्षरं वाचली, आणि ग्लास हातात तसाच धरून उलट्या पावली परत गेला. मी त्या वेळी एका नवरीच्या शालूला फॉल लावत होते. मान वर केली तेव्हा समोर पाच-सहा माणसं टोप्या काढून उभी होती.

दुपारपर्यंत ओळीत दिवाळीसारखी गर्दी. मी चारदा रस्ता ओलांडून सांगितलं, "अहो, भाऊ बारशाला गेले आहेत!" पण मी पडले मस्करीखोर बाई. पंचवीस वर्षांत मी इतक्या थापा मारल्या आहेत, की त्या दिवशी खरं बोलले तर एक म्हातारा म्हणाला, "बाई, आज तरी मजाक नोका करू."

दुसरा म्हणाला, "बारशाले गेला म्हनते. मानसाचं तेरवीचं जेवन व्हायचं आहे न हे बारसं सांगून राहिली."

"अन् पाहा न जी, अजून तिरडी उठली नाही, त गाळे भाड्यानं द्यायले निघाले!"

भुपेंद्रचा फोन मला आला. "ताई, काका गेले म्हणे? फार वाईट झालं हो." मग जरा थांबून, "चाव्या कुणाकडे आहेत?" चाव्या वहिनींकडे होत्या, पण माझी जीभ काही ऐकत नाही; मी म्हटलं, "त्या सोबत नेल्या."

हायवेवरून तुलाराम आला. मोठा, ओला, टपोऱ्या शेवंतीचा हार घेऊन. भाऊंच्या शटरसमोर पायरीवर हार ठेवला, बाजूच्या शटरवरचं वाचलं आणि खालीच बसला. तो गाळा त्याचाच होता ना एकेकाळी. शटरच्या फटीतून त्यानं आत बघितलं. "माह्यावाला गणपती अजून भिंतीवरच आहे," असं तो कुणाला तरी सांगत होता. "कोनी रोज पुसत होतं याले."

आणि अशा वेळी, चारच्या सुमाराला, ST तून उतरून पिशवी खांद्याला लावून तेजरामभाऊ बाजारात शिरले.

आपल्या ओळीत एवढी गर्दी पाहून त्यांना आधी आनंदच झाला असणार. मग लोकांच्या टोप्या हातात दिसल्या. भाऊंनी चपला काढल्या, रुमाल डोक्यावरून उतरवला आणि गर्दीच्या मागं हात जोडून उभे राहिले. पुढच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं जी?"

तो मागं न बघता म्हणाला, "तेजराम भांडेवाला."

मी समोरून पाहत होते. मला हाक मारता आली असती, पण मी मारली नाही. असा मौका पुन्हा येतो का?

"मानूस लय चांगला होता," पुढचा म्हणत होता. "अक्षर त असं का मोती. पन भाव कधी कमी करत नव्हता."

"करत होतो," भाऊ म्हणाले. "तुमी विचारतच नव्हते."

त्या माणसानं वळून पाहिलं आणि जी किंकाळी मारली, ती थेट वैनगंगेपर्यंत गेली असेल. नत्थूच्या हातातली किटली पडली. तुलाराम धावत आला आणि त्यानं भाऊंना मिठी मारली. भाऊ त्याच्या खांद्यावरून शटरांकडे बघत होते. माझं हातभर अक्षर त्यांना दिसलं.

"मी मेलो ते ठीक आहे," ते म्हणाले. "पन हे कोनं लिहिलं?"

मी मशीनच्या मागं वाकले. पण भाऊंना उत्तराची वाट बघायला वेळच मिळाला नाही, कारण गर्दीतून एकदम गलका झाला. "भाऊ, हे गाळे तुमचे नव्हते का?" "म्हनजे खालीच आहे का?" "मी त समजलो चारही तुमीच घेतले!" "माह्या साळ्यानं सहा महिने शोधला गाळा, तुमाले काहून सांगता नाही आलं?" भंडाऱ्याच्या भर बाजारात तीन गाळे रिकामे आहेत, हे बाजारालाच माहीत नव्हतं. भाऊंनी एवढं झाकलं होतं.

भाऊ पायरीवर बसले. शेवंतीच्या हाराच्या बाजूला. एवढे वरमलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. तुलाराम त्यांच्या शेजारी बसला आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "भाऊ, एक सांगू का? हायवेवर काच पुसू पुसू हात दुखले. गाड्या येतात न सरळ निघून जातात. शेजारचा मानूस दिवसभर मोबाइल पाहते, चहाले बोलावत नाही. मले माह्यावाला गाळा परत भेटन का?"

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, मग हाराकडे. "हार कितीले घेतला?"

"जाऊ द्या न भाऊ."

"वाया कायले जाऊ द्याचा? मी त अजून आहे." त्यांनी हार उचलला, तुलारामच्या गाळ्याचं शटर वर केलं आणि भिंतीवरच्या गणपतीला घातला.

माझ्याशी मात्र भाऊ बोलले नाहीत. वहिनींशीही नाही. वहिनींनी सांगितलं, की रात्री भाजी कशी चिरावी हेसुद्धा सांगितलं नाही, म्हणजे राग मोठाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रश्मी आली. आदल्या दिवशी तिची बस तुमसरलाच बिघडली होती. बरंच झालं, नाहीतर तीही हार घेऊन आली असती. मी तिला आधी माझ्याकडे बोलावलं आणि दोन गोष्टी कानात सांगितल्या. ती हसली आणि भाऊंच्या दुकानात गेली.

भाऊंनी तिला ओळखलं. छिन्नी खाली ठेवली. आता पोरगी तो शब्द बोलणार, म्हणून त्यांनी डोळे बारीक केले. पण रश्मीनं गाळ्याचं नावच काढलं नाही. एक लहान लोटा उचलला. "काका, यावर नाव टाकून द्या. रश्मी चष्माघर, भंडारा."

भाऊंनी लोटा मांडीत धरला आणि टक टक टक सुरू केलं. रस्त्यापलीकडून मला टिंबं मोजता आली असती, इतके हळू टाकत होते. 'भंडारा' झालं, लोटा रुमालानं पुसला, पैसे घेतले, कपाळाला लावले, गल्ल्यात टाकले.

"आता बोहनी झाली ना काका?" रश्मीनं विचारलं.

"झाली."

"मग आता सांगा."

भाऊंनी रस्त्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे पाहिलं. घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या उंबरठ्यावर उभं राहून, तेजरामभाऊ बोलले, "मधातला खाली आहे बाई. ओल नाही. हवा येते. शेजार चांगला आहे."

दोन गाळे लागले. दसरा नाही, पण दिवाळीच्या आतच. भुपेंद्रनं गोदामवाल्यांना कळवलं आणि भाऊंना फोन करून म्हणाला, "काका, तुम्ही मेले नसते तर जमलं नसतं." रश्मीनं दुकानात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला, वंदना घेतली, मेणबत्त्या लावल्या. त्या मेणबत्त्यांसाठी पितळी स्टँड भाऊंनी दिला. नावासह. त्यांच्या डोळ्यांची पहिली तपासणीही तिनंच केली, आणि आता भाऊंना समोरच्या दुकानात मी काय करते ते स्पष्ट दिसतं. हे मात्र माझ्या गैरसोयीचं झालं आहे.

शेवटचा, मोबाइलवाल्याचा गाळा अजून रिकामा आहे. त्याचं शटर भाऊ आता वर करत नाहीत. माझी खडूची अक्षरं पावसानं धुऊन निघाली, तेव्हा मला वाटलं, संपलं, पुन्हा उदबत्ती सुरू होणार. पण परवा दुपारी, बोहनी होऊन चांगले दोन-तीन तास गेल्यावर, भाऊ हातात काहीतरी झळझळीत घेऊन आले आणि त्या शटरच्या कडीला तारेनं बांधायला लागले. मी जाऊन पाहिलं. पितळेची जाड पाटी. त्यावर टिंबाटिंबानं, आंदणाच्या गुंडावर टाकतात त्याच मोत्यासारख्या अक्षरात, 'गाळा भाड्याने देणे आहे'. खाली वेलबुट्टी.

मी म्हटलं, "भाऊ, पितळेवर टाकलं? म्हणजे हा गाळा जन्मभर असाच ठेवायचा आहे का?"

"रिताबाई, तुमाले मशीन चालवता येते, धंदा नाही समजत," भाऊ तारेला पीळ देत म्हणाले. बऱ्याच दिवसांनी माझं नाव घेतलं होतं त्यांनी. "भाडेकरू आला का हेच पाटी उलटी करन. मांगच्या बाजूनं त्याचं नाव टाकून देईन. फुकटात."

आणि पाटीची मागची बाजू त्यांनी मला दाखवली. घासून लख्ख करून ठेवली होती.